‘क्लिअर प्रिंट’चा हट्ट सोडा

डॉकयार्ड रोड स्टेशनबाहेरचा फेरीवाला असो की मोठ्या दुकानातला सेल्समन, सिनेमाची डिस्क घेताना आपण त्याला एकच प्रश्न विचारत आलो: ‘प्रिंट क्लिअर आहे ना?’ तो हो म्हणाला की पैसे काढून मोकळे. चौकट पूर्ण आहे का, आवाज मूळचा आहे का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. गिऱ्हाईकच गप्प म्हटल्यावर मराठी चित्रपटांची जी दैना व्हायची ती झाली.

२००७ साली मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली. चोरट्या मालाच्या भावात अस्सल माल मिळू लागला, हे उत्तमच झालं. पण सगळी चर्चा भावाची. मालाबद्दल कुणी बोलेना. व्हीसीडीच्या चित्रात ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके. डीव्हीडीत चार लाखांवर, ब्लू-रेत वीस लाखांवर. तरी नुसत्या ठिपक्यांवर भुलू नका. ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीत तीन चित्रपट कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला दीड जीबी येतो आणि पाऊस, धूर, अंधार आला की पडद्यावर चौकोन नाचायला लागतात. डिस्क पारखायची तर नायिकेचा क्लोज-अप नको, रात्रीचा प्रसंग लावा. काळ्या कोटाच्या चुण्या दिसतात, की नुसता काळा डाग? कंदिलाचा उजेड भिंतीवर हळूहळू विरतो, की त्याच्या पायऱ्या पडतात?

आमच्या माझगावच्या चाळीत एक काका जुना कृष्णधवल चित्रपट पाहताना कुरकुरले, ‘अरे, मुंग्या येतायत बघ.’ काका, त्या मुंग्या नव्हेत, ते फिल्मचे कण आहेत. चित्र बनलंय तेच त्या कणांचं. ते पुसून चित्र गुळगुळीत केलं की लुगड्याचा पोत जातो, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात आणि म्हातारी बाई मेणाची दिसायला लागते. याच मेणाला आपण ‘क्लिअर’ म्हणतो.

‘संत तुकाराम’ घ्या. १९३६ सालचा, प्रभात फिल्म कंपनीचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. दिग्दर्शक दोघे: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दामले प्रभातचं ध्वनीचं खातं सांभाळणारे, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचं. चित्र आणि आवाज हाच ज्यांचा रोजचा व्यवसाय, त्यांचा सिनेमा आपण कसाही पाहावा? त्या काळची चौकट जवळजवळ चारास तीन. आजच्या रुंद टीव्हीवर ती कडेपर्यंत भरायची म्हणून वरून-खालून छाटली, तर पाव उंची जाते. उभ्या माणसाचं डोकं तरी तुटतं, नाहीतर पाय. बाजूला काळे पट्टे दिसतात म्हणून रिमोट उचलू नका. ते पट्टे आहेत म्हणजेच चित्र शाबूत आहे.

आवाजाचे हाल तर याहून वाईट. खरखर काढायच्या नादात ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, तंबोऱ्याची जवारी मरते. एका कर्ण्यासाठी बांधलेला आवाज पाच स्पीकरांत पांगवून कव्हरवर ‘५.१’ छापतात आणि मूळ ध्वनिपट्टी द्यायची टाळतात. त्यात ‘पाल’ या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला २४ चित्रांची फिल्म बऱ्याचदा २५च्या वेगाने चढवतात. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. ती सहा मिनिटं गेली एक वेळ चालेल, पण सूर चढतो त्याचं काय? पेटीवर पांढरी एक ते काळी एक एवढं जे अंतर, त्याच्या सुमारे सत्तर टक्के. ज्या गायिकेचा षड्ज आपल्या कानात बसलाय, तो षड्जच हलतो. पेटी घेऊन डिस्कशी सूर लावून बघा, लगेच कळेल.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, आग लागून नायट्रेटची कितीतरी जुनी रिळं जळाली. अशी रिळं गेली की उरतात त्या नकला. मग नक्कल कशी केली याला फार मोल येतं. म्हणून कंपन्यांकडे मागणी एवढीच, डिस्क असो वा डिजिटल प्रत: ती निगेटिव्हवरून काढली की झिजलेल्या प्रिंटवरून, चौकट मूळची आहे का, मूळ ध्वनिपट्टी आतमध्ये आहे का, हे कव्हरवर छापा. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय काय आहे ते छापावं लागतं, मग ‘तुकाराम’वर एवढ्या तीन ओळी छापायला काय हरकत आहे?