भेग प्लॅस्टरलाच आहे

भूकंपाचा धक्का ओसरला, माणसं बनियनवर आणि गाऊनवर खाली उतरून पुन्हा वर निघाली, की जिन्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘काही नाही हो, भेग प्लॅस्टरलाच आहे.’ रहिवासी ते बोलतो रात्री झोप लागावी म्हणून. चेअरमन बोलतो दुरुस्तीची वर्गणी काढावी लागू नये म्हणून. एजंट बोलतो कारण संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं असतं. बिल्डर काही बोलतच नाही. प्लॅस्टरच्या आत काय आहे, हे ठाऊक असलेला तो एकटाच.

आत काय असतं, ते अहमदाबादनं 26 जानेवारी 2001 रोजी पाहिलं. सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी, झेंडावंदनाच्या वेळी, धरणी हलली. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ, म्हणजे अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. भुज, भचाऊ, अंजार उद्ध्वस्त झाली ती केंद्राच्या जवळ होती म्हणून. पण अहमदाबादेतही सुमारे सत्तर इमारती कोसळल्या आणि साडेसातशेच्या आसपास माणसं गेली. बहुतेक इमारती आरसीसीच्या, नव्या, खाली पार्किंग आणि वर चार किंवा दहा मजले. जुन्या शहरातल्या ‘पोळ’ नावाच्या दाट वस्त्यांमधली लाकडी सांगाड्याची घरं मात्र बहुतांशी टिकली. त्यांच्याकडे ना आर्किटेक्टचा शिक्का, ना रंगीत ब्रोशर. भूकंपाला कागदपत्रं तपासायची सवय नसल्यानं हा घोळ झाला असावा.

खालच्या पार्किंगची गोष्ट तर मुळातून समजून घेण्यासारखी आहे. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती असतात, त्या कॉलमला हातभार लावतात. तळमजल्यावर भिंतीच नाहीत, कारण तिथे गाड्या लावायच्या. शिवाय पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत, त्यामुळे सगळेच खूश. जमीन हलली की वरचे चार मजले एका पेटीसारखे एकत्र डोलतात आणि सगळा ताण खालच्या उघड्या कॉलमवर येतो. अशा वेळी कॉलमची इभ्रत राखते ती रिंग. उभ्या सळयांना बांधून ठेवणारी ही रिंग जवळजवळ घालायची, तिचं टोक 135 अंशांत वळवून काँक्रीटच्या पोटात खुपसायचं, असं आयएस 13920 हे मानक 1993 पासून सांगत होतं. साइटवर मात्र टोक काटकोनात वळवून सोडायची पद्धत. मनगटाला तेवढाच आराम. कोसळलेल्या इमारतींचे कॉलम तपासणाऱ्या अभियंत्यांना हेच दिसलं: रिंगा उघडलेल्या, सळया वाकून बाहेर आलेल्या, काँक्रीटचा भुगा. आणि मानक खाजगी इमारतींना बंधनकारक नव्हतंच. म्हणजे बिल्डरनं नियम मोडला म्हणावं, तर तीही सोय नाही.

मग सुरू झाली सफाई. क्रेन आल्या, जेसीबी आले, कटर आले, लष्कराचे जवान आले. त्यांनी माणसं बाहेर काढली, त्यांच्याबद्दल चकार शब्द वावगा काढायचा नाही. पण प्रत्येक शहरात अशा ढिगाऱ्याकडे बघणारे आणखीही काही डोळे असतात. त्यांना तो लवकरात लवकर उचलला जायला हवा असतो, आणि त्यांची स्वच्छतेची आवड गाडगेबाबांनाही लाजवील. राडारोडा एकदा ट्रकमध्ये भरला आणि कुठल्या तरी खड्ड्यात भराव म्हणून टाकला, की रिंग काटकोनात होती की 135 अंशांत, हे कोण सांगणार? अहमदाबादेत काही बिल्डरांवर गुन्हे दाखल झाले. अशा खटल्यात बचाव ठरलेलाच असतो: निसर्गापुढे कुणाचं काही चालतं का? चालत नाही, खरं आहे. फक्त शेजारची इमारत त्याच निसर्गात उभी असते.

नुकसान झालेल्या घरांना सरकारनं जी-1 ते जी-5 असे नुकसानीचे वर्ग दिले. जी-1 म्हणजे केसाएवढी भेग, जी-5 म्हणजे घर भुईसपाट. यामुळे भेगेला शेवटी सरकारी हुद्दा मिळाला. भरपाईच्या टेबलावर ती थेट पायापर्यंत पोचलेली असते; फ्लॅट विकायला काढला की तीच पुन्हा प्लॅस्टरवर येते. मग पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग. मोतिया रंगाखाली काय काय झाकतं, याचा हिशेब कुठल्याच महापालिकेकडे नाही.

आपण हे सगळं गुजरातचं म्हणून वाचतो आणि पान उलटतो. भूकंपप्रवणतेच्या नकाशात तेव्हा अहमदाबाद ज्या तिसऱ्या झोनमध्ये होतं, त्याच झोनमध्ये मुंबई आणि पुणेही. नकाशावर विसंबावं म्हटलं तर 1993 साली भूकंपानं उद्ध्वस्त झालेली किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होती. 2002 साली भूकंपरोधक डिझाइनचं आयएस 1893 हे दुसरं मानक सुधारलं. उघड्या तळमजल्याचे कॉलम अडीचपट जोरासाठी डिझाइन करा, असं त्यात आलं. पण त्याआधी बांधलेल्या इमारतींचं काय? मुंबईत 30 वर्षांवरील इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की मात्र गणपतीची वर्गणी, लिफ्टचा एएमसी आणि तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं यांच्यानंतर त्याचा नंबर लागतो, आणि तोवर कोरम संपलेला असतो.

तेव्हा आमची एक नम्र सूचना. इमारतीच्या दारात संगमरवरी पाटी असते, तिच्यावर भूमिपूजन कुणाच्या शुभहस्ते झालं ते सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं. ती राहू द्या. पण पार्किंगमधल्या एका कॉलमवर, डोळ्यांच्या उंचीला, आणखी चार नावं कोरून घ्या: बिल्डर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, साइट सुपरवायझर आणि नकाशावर शिक्का मारणारा अधिकारी. नावं कोरायला कोण हसत येतो आणि कोणाला नेमकं त्याच दिवशी बाहेरगावी जायचं असतं, एवढं बघा. बुकिंगचा चेक त्यानंतर लिहा.