चढावरचे मास्तर

आयर्लंडमधल्या प्रत्येक सायकल क्लबात एक मास्तर असतात. ते शाळेतूनच निवृत्त झालेले असायला हवेत असं नाही. आमचे तसे आहेत, पण बँकेतून आणि टपालखात्यातून निवृत्त झालेले मास्तरही मी इतर क्लबांत पाहिलेत. ओळखायची खूण सोपी आहे. रविवारी सकाळी पेट्रोल पंपापाशी मंडळी जमली की सायकली बघत जायचं. जिची फ्रेम पोलादी आहे, दोन्ही चाकांना मडगार्ड आहेत, सीटमागच्या पिशवीत थर्मास आहे, आणि हँडलवर जिथे इतरांचा कॉम्प्युटर चमकत असतो तिथे घडी घातलेला कागदी नकाशा प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधलाय, ती मास्तरांची.

आयर्लंडमध्ये जो तो दुसऱ्याला पहिल्या नावाने हाक मारतो, चार वर्षांचं पोर ऐंशीच्या आजोबांनासुद्धा. मला ते जमेना. वयाने वडिलांएवढ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे जिभेला ठेच लागते. म्हणून मी ‘मास्तर’ म्हणू लागलो, आणि इथल्या खेड्यांतही शिक्षकाला ‘मास्टर’ म्हणायची जुनी रीत असल्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आता थोडा भूगोल. आपल्याकडे घाट असतो. खंबाटकी म्हणा, वरंधा म्हणा. लागला की लागला, पण एकदा चढून झाला की माणूस वर उभा राहून चहा पितो आणि त्या दिवसाचं कर्तव्य संपतं. डब्लिनच्या वायव्येला मीथ परगणा आहे, तिथे असा एकही घाट नाही. परगण्यातली सगळ्यात उंच टेकडी २७६ मीटरची. आकडा ऐकून सह्याद्रीतला माणूस हसतो. दोन तासांनी हसत नाही. कारण इथले चढ कर्जाच्या हप्त्यांसारखे असतात: एकेक बघावा तर किरकोळ, पण एक फेडला की पुढचा दारात उभा.

आणि नेमक्या या चढांवर मास्तरांचा इतिहास आहे.

मास्तरांना दम लागलेला आजवर कुणी पाहिलेला नाही. दम लागायच्या बरोबर आधी त्यांना इतिहास लागतो. चढ अर्धा झाला, मागच्या चाकाची लय बिघडली, की मागून आवाज येतो, “थांबूया जरा! इथे एक गंमत आहे.” सगळे ब्रेक लावतात. मास्तर एक पाय जमिनीवर टेकवतात, टोपी काढतात, कपाळ पुसतात आणि दूर कुठेतरी बोट दाखवतात. “ते जे... पलीकडे... झाडांच्या मागे... दिसतंय...” नवख्याला वाटतं, काय वक्तृत्व आहे! शब्दाशब्दाला विराम! जुनी मंडळी त्या विरामांवरून चढाची तीव्रता मोजतात. दोन-तीन वाक्यांत श्वास जागेवर येतो, मग शतकं जागेवर येतात, आणि मग मास्तरांना थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही.

टाराची टेकडीच घ्या. आयर्लंडच्या प्राचीन राजांची ही गादी, उंची दीडशे मीटरच्या आसपास. टेकडी एक, मास्तरांचे थांबे तीन. पायथ्याशी १८४३. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये डॅनियल ओकॉनेल यांनी इथे सभा घेतली आणि लाखो लोक जमले. ध्वनिक्षेपक नव्हता, तरी लोक आले होते, हे सांगताना मास्तर आमच्या तुकडीकडे खेदाने बघतात. अर्ध्या चढावर १७९८ चं बंड. इथे पडलेल्या बंडखोरांच्या थडग्यावर खूण म्हणून राज्याभिषेकाचा दगडच हलवून उभा केला. आणि वर पोहोचायला शंभरेक पावलं उरली की मास्तरांची आवडती गोष्ट: १८९९ ते १९०२ या काळात काही इंग्रज भाविकांनी बायबलातला कराराचा कोश इथेच पुरलाय असं ठरवून टेकडी खणायला घेतली. कवी येट्स, मॉड गॉन वगैरे मंडळी चिडून निषेधाला उठली. कोश काही मिळाला नाही. “तीन वर्षं खणलं,” मास्तर सांगतात, “आणि वर चढून यायला त्यांना कधी कंटाळा आला नाही.” हा टोला कुणाला, ते आम्हाला कळतं.

माथ्यावर तो दगड आहे, लिया फॉल. खरा राजा स्पर्श करील तेव्हा दगड गर्जना करतो अशी दंतकथा. मास्तर दर वेळी हातमोजा काढून दगडावर तळहात ठेवतात, मान किंचित तिरकी करून ऐकतात. दगड गप्प. “आज नाही,” म्हणतात, आणि थर्मास उघडतात.

चालत्या सायकलीवरचे मास्तर वेगळेच. ते रांगेत सगळ्यात मागे. मागून गाडी आली की इशारा द्यायचं काम त्यांचं, आणि ते चोख. मीथमधले आडरस्ते इतके अरुंद की मधोमध गवताची पट्टी उगवलेली असते, दोन्ही बाजूंना हॉथॉर्नची उंच कुंपणं. समोरून ट्रॅक्टर आला की सगळे कुंपणात शिरतात. ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तेवढा नमस्कार इथे पुरतो. आम्ही अख्खा हात हलवतो, मास्तर एकच बोट उचलतात, आणि पुढे गेल्यावर त्याच्या आजोबांनी कुठलं शेत कोणाला विकलं ते सांगतात.

पंक्चर झालं की मास्तरांना उधाण येतं. कुठल्याही पंक्चरला त्यांनी हात लावलेला मी पाहिलेला नाही. दुसरा कोणी गुडघे टेकून टायर ओढत असतो, त्याची बोटं काळी झालेली असतात, आणि मास्तर त्याच्या डोक्यावर उभे राहून सांगत असतात की हवेचं टायर सायकलीला बसवलं ते याच बेटावर, बेलफास्टमध्ये. जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर, मूळचे स्कॉटिश, त्यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी ते बनवलं आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढे कळलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्याच स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेऊन ठेवलंय. “म्हणजे डनलॉपचं पेटंटही पंक्चर!” मास्तर हसतात. खाली बसलेला हसत नाही. त्याला पंप हवा असतो, आणि पंप मास्तरांच्या हातात असतो. ते त्या पंपाने बेलफास्टची दिशा दाखवत असतात.

मास्तर म्हटले की दुसरा एक प्राणी ओघानेच येतो. त्याला मी सरासरी म्हणतो. वय तिशीचं, सायकल कार्बनची, पायडलमध्ये ताकद मोजणारं यंत्र. १९८७ साली स्टीफन रोश या डब्लिनच्या गड्याने एकाच वर्षात इटलीची शर्यत, फ्रान्सची शर्यत आणि जागतिक विजेतेपद अशी तिन्ही जिंकली. सरासरी तेव्हा जन्मलाही नव्हता, पण त्या वर्षाबद्दल तो आपल्याच पराक्रमासारखा बोलतो. रस्त्याच्या कडेला मठ आहे की म्हशींचा गोठा, त्याला देणंघेणं नाही. ताशी किती किलोमीटर पडले, एवढंच. मास्तर थांबले की तो सायकलवरून उतरत नाही, एक पाय क्लिपमध्येच ठेवून कॉम्प्युटरकडे बघत राहतो.

मेलिफंटच्या मठाशी पहिली ठिणगी पडली. ११४२ साली स्थापन झालेला हा सिस्टर्शियन पंथाचा आयर्लंडमधला पहिला मठ. भिक्षूंनी जेवणाआधी हात धुवावेत म्हणून बांधलेली अष्टकोनी वास्तू अजून निम्मीशिम्मी उभी आहे. मास्तर तिच्या कमानीखाली उभे राहून सांगत होते: ह्यू ओनील, इंग्रजांशी नऊ वर्षं झुंजलेला सरदार. १६०३ च्या मार्चअखेर त्याने इथे राणी एलिझाबेथच्या नावाने शरणागती पत्करली. आणि राणी सहा दिवसांपूर्वीच मेली होती! इंग्रज सेनापतीला ठाऊक होतं, त्याने सांगितलंच नाही. “सहा दिवस!” मास्तर बोटं उघडून दाखवत होते, जणू राणी गेल्याची चिठ्ठी आजच्या टपालात उशिरा आली होती.

“आपणही सहा दिवस इथेच राहणार का?” सरासरीने विचारलं.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं शेवटच्या बाकाकडे पाहिलेली ती नजर. काही बोलले नाहीत. उत्तर त्यांनी राखून ठेवलं, आणि ते पुढे काही किलोमीटरवर, बॉइन नदीच्या काठी ओल्डब्रिजला दिलं.

ओल्डब्रिजला चढ नाही. नदीकाठची सपाट कुरणं. तरी मास्तर थांबले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. १६९० ची बॉइनची लढाई ही इथली. एका बाजूला जेम्स दुसरा, दुसऱ्या बाजूला विल्यम तिसरा, म्हणजे सासरा विरुद्ध जावई. त्यात जावई बहिणीचाच मुलगा, म्हणजे भाचाही. (आपल्याकडे अशा नात्यात जमिनीचा दावा लागतो, तिथे तीन राज्यांचा लागला होता.) विल्यमचं सैन्य नदी उतरून आलं आणि जेम्सने घोडा डब्लिनच्या दिशेने वळवला. त्याच रात्री तो डब्लिनला पोहोचला, आणि तिथून पुढे थेट फ्रान्सला. आयरिश लोकांनी त्याला मग जे टोपणनाव दिलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. मास्तरांनी ते मूळ भाषेत सांगितलं आणि सगळे खिदळले.

“आता बघ,” मास्तर सरासरीला म्हणाले, “या अख्ख्या परगण्यात न थांबता सगळ्यात चांगली सरासरी काढली ती याच गृहस्थाने.”

त्या दिवशी परत येईपर्यंत सरासरीने कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही. निदान उघडपणे तरी.

मास्तरांच्या गोष्टींत घरगुती भागही भरपूर. स्लेन गावच्या चौकात चार कोपऱ्यांत चार घरं आहेत, तंतोतंत सारखी. गावात सांगतात की चार बिनलग्नाच्या बहिणींचं एकमेकींशी पटेना, म्हणून भावाने प्रत्येकीला वेगळं पण अगदी सारखं घर बांधून दिलं, म्हणजे कुणी कुणाच्या खिडकीवरून भांडायला नको. मास्तर कबूल करतात की याला कागदोपत्री पुरावा नाही. पण मलाच तेवढा डोळा मारून म्हणतात, “तुमच्या देशात लोकांना ही गोष्ट लगेच पटत असेल.” पटते.

मास्तरांची एकच इच्छा अपुरी आहे. न्यूग्रेंजचं थडगं, पिरॅमिडांपेक्षा जुनं, ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमाराचं. दाराच्या वर एक झरोका आहे. डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसांत उगवत्या सूर्याची तिरीप त्यातून शिरते आणि १९ मीटरच्या बोळातून पार आतल्या दालनात पोहोचते, सतरा मिनिटं टिकते. उत्खनन करणारे मायकेल ओकेली यांनी १९६७ साली २१ डिसेंबरला आत बसून ते पाहिलं. आता तिथे बसायला सोडतीत नाव लागावं लागतं. मास्तर दर वर्षी अर्ज करतात. नाव लागत नाही. लागलं तरी आयर्लंडच्या डिसेंबरात सूर्य दिसेलच याची हमी कुणी देत नाही. “पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना एवढं गणित येत होतं,” ते म्हणतात, “पण ढगांचं मात्र त्यांनाही जमलं नाही.”

मग परवा मास्तरांच्या मुलांनी त्यांना बॅटरीची सायकल घेऊन दिली.

क्लबात चिंता पसरली. श्वास पुरायला लागला तर इतिहास संपणार, असं मला वाटत होतं. झालं उलटंच. मास्तर आता चढ सगळ्यांच्या आधी चढतात आणि माथ्यावर जाऊन वाट बघतात. पूर्वी गोष्ट सुरू होताना त्यांना धाप असायची. आता ऐकणाऱ्यांना असते, त्यामुळे मधे कुणी तोंड घालत नाही. व्याख्यानं लांबली आहेत. मडगार्ड नव्या सायकलीलाही आहेत, नकाशाही आहे.

गेल्या रविवारी ओल्डकॅसलजवळ लॉक्रूला गेलो. परगण्यातली ती २७६ मीटरची टेकडी हीच. वर अश्मयुगीन थडगी, एका थडग्यात विषुवदिनाला सूर्यकिरण शिरून मागच्या कोरीव दगडावर पडतात. गोष्ट अशी की एक चेटकीण ओच्यात दगड घेऊन शिखरावरून शिखरावर उड्या मारत गेली, दगड सांडत गेली, आणि शेवटची उडी चुकून मेली. या एका चढावर पूर्वी मास्तरांचे तीन-चार थांबे ठरलेले असायचे. वारा तोंडावर होता. मास्तर बटण दाबून गुणगुणत पुढे निघाले. अर्ध्यावर सरासरीच्या मागच्या चाकाची लय बिघडली. चेहरा लालबुंद. त्याने एक पाय जमिनीवर टेकवला आणि दूर कुठेतरी बोट दाखवलं.

“मास्तर... इथे... काही घडलं होतं का?”

मास्तर थांबले. टेकडीकडे पाहिलं, माथ्यावरच्या दगडांकडे पाहिलं, टोपी नीट केली.

“इथे? छे! इथे कधीच काही घडलं नाही,” म्हणाले, आणि बटण दाबून पुढे गेले.