नवतपात तंबू

नागपुरात गाण्याचा हंगाम थंडीतला. नागपूर-रामटेकला कालिदास महोत्सव होतो, ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव भरतो आणि एरवी स्वेटरला हात न लावणारा नागपूरकर मफलर गुंडाळून मान डोलवायला जातो. मे महिन्यात मात्र कूलरसमोरून माणूस हलत नाही. हलवायचाच तर त्याला पाणी दाखवावं लागतं, आणि हे आमच्याकडच्या वॉटर पार्कवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. ‘तंबू, तरणतलाव आणि तीन बँड, एकाच तिकिटात!’ अशी जाहिरात माझ्या मेहुण्याने मोबाइलवर दाखवली तेव्हा मी फक्त तारीख बघितली. नवतपा लागत होता.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की साधारण 25 मेपासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. या दिवसांत जितकं तापेल तितका पाऊस चांगला, असं जुनी माणसं सांगतात, त्यामुळे तापल्याची तक्रारही धड करता येत नाही. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा जवळजवळ 48 अंशांवर गेला होता. अशा दिवसांत कापडी तंबूत राहायचे पैसे देणं म्हणजे काय, हे मी मेहुण्याला विचारलं.

“भाऊजी, कायले टेन्शन घेऊन राहिले? टेंटात कोण राहून राहिलं? आपण पाण्यातच राहू ना बाप्पा!”

निघालो. सौ., मेहुणा, पोरं आणि आत्या. आत्याला कोणी विचारलं नव्हतं. ती पिशवी भरून गाडीत बसलेलीच होती. कामठी गेलं, कन्हानचा पूल ओलांडला. रामटेकच्या वाटेला लागल्यावर कालिदासाची आठवण काढण्याचा नागपुरी रिवाज आहे. गडावर मेघदूत सुचलं, असं परंपरा सांगते. यक्षाला आषाढात ढग दिसला होता. आम्हाला मेच्या अखेरीस दिसला तो समोरच्या ट्रकच्या सायलेन्सरचा.

पार्कचं नाव सांगत नाही. फाटकावर बॅगा तपासायला दोन पोरं उभी होती. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत, कारण आत पोहे, समोसे आणि पाटोडी-रस्सा त्यांच्या भावात विकायचा असतो. आत्याच्या पिशवीतून स्टीलचा डबा निघाला.

“काकू, हे काय?”

“औषध.”

“एवढं?”

“आजार मोठा आहे.”

डबा आत गेला. त्यात काय आहे, हे तिने आम्हालाही सांगितलं नाही.

पुढची चौकी पोशाखाची. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत. सुताचे धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि कच्चा रंग पाण्यात उतरतो, म्हणून नायलॉनचाच पोशाख लागतो आणि तो भाड्याने मिळतो. भाड्याच्या पोशाखाला दोनच मापं असतात, लहान मुलांचं आणि पैलवानाचं. मेहुण्याला पहिलं मिळालं. आत्या नऊवारीची नाही, पाचवारीची. पण सुती पाचवारीचीच. अर्धा तास वाद झाला आणि शेवटी ती गुडघ्याखाली येणारा जांभळा नायलॉनचा झगा, त्यावर ओढणी आणि गळ्यात पोत अशी बाहेर आली. मला तर ती तिथली व्यवस्थापकच वाटली. निदान तिथल्या पोरांनी तरी तिच्या वाटेतून बाजूला होणं सुरू केलं.

आता मुख्य विषय. नागपूरकर वॉटर पार्कमध्ये पोहत नाही. तो पाण्यात उभा राहतो. छातीपर्यंत पाणी, हात कमरेवर, तोंड ओळखीच्या माणसाकडे, आणि विषय मिहानजवळच्या प्लॉटचा भाव. यामागे आळस नाही, शास्त्र आहे. दुपारी पार्कमधली सिमेंटची फरशी इतकी तापते की एका घसरगुंडीकडून दुसरीकडे अनवाणी जाणारा माणूस उड्या मारतच जातो. एकदा पाण्यात शिरलं की बाहेर पडण्याचं धाडस संध्याकाळपर्यंत होत नाही. वेव्हपूल तर याच कामासाठी बांधला असावा. भोंगा वाजतो, खोल बाजूच्या जाळीमागच्या कोठड्यांमध्ये पंखे हवा दाबतात, पाणी ढकललं जातं आणि लाटा येतात. बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहात असा कृत्रिम लाटांचा तलाव 1927 मध्येच झाला. तिथले लोक लाटेवर पोहत असतील. आमच्याकडे लाट आली की सगळे एकदम एक फूट वर उचलले जातात, खाली येतात, आणि प्लॉटचं बोलणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं.

गाणं, तंबू आणि पाणी यांची सांगड घालणारे आम्ही पहिले नव्हे. 1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बेथेल गावच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात वुडस्टॉक झालं, तेव्हा चार लाखांवर तरुण चिखलात बसले होते आणि जवळच्या तळ्यात अंघोळी करत होते. पहिल्या रात्री भर पावसात पंडित रविशंकर सतार वाजवत होते. समोरचा चिखलात लोळणारा श्रोतृवर्ग पाहून आपल्याला भारतातल्या चिखलात बसलेल्या म्हशी आठवल्या, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यांना ते रुचलं नव्हतं. मी मात्र वेव्हपूलमध्ये मानेपर्यंत बुडून मंचाकडे पाहत होतो, आणि म्हशीची बाजू मला पूर्ण पटली. म्हैस पाण्यात पोहायला जात नाही. ती निवायला जाते. वर गाणं चालू असलं तर ऐकते, नसलं तरी तिचं काही अडत नाही.

मंचावरच्या पहिल्या बँडला हे कळेना. गिटारवाला पोरगा कळवळून विचारत होता, “नागपूर, आवाज कुठे आहे?” नागपूर पाण्यात होतं. टाळी वाजवायची तर हात कमरेवरून काढावे लागणार होते. शेवटी कुणीतरी ओरडलं, “अबे, झिंगाट वाजव ना!” पोरगा स्वतःची गाणी घेऊन आला होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. झिंगाट वाजवलं त्याने. आणि वाईट वाजवलं नाही.

खरी मैफल वेगळ्याच ठिकाणी जमली. पार्कमध्ये ‘लेझी रिव्हर’ नावाचा एक गोल कालवा आहे. रबरी ट्यूबमध्ये बसायचं, पाण्याचा संथ प्रवाह आपोआप फेरी मारून आणतो. आत्या तिथे बसली. मग सावनेरच्या दोन बायका आल्या, काटोलच्या आल्या. ट्यूबला ट्यूब लागली, गोल झाला. गोल झाला म्हटल्यावर विदर्भातल्या बायका गप्प बसणं शक्य नाही. भुलाबाईची गाणी सुरू झाली. भुलाबाई खरी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतची. मेमध्ये ती कशी आली, हे कोणी विचारलं नाही. पण टिपऱ्या नव्हत्या. काठावर दुसऱ्या बँडचा ड्रमवाला आपल्या पाळीची वाट बघत मांडीवर ठेका धरून बसला होता. आत्याने हात पुढे केला.

“बाळा, काड्या दे जरा.”

बाळाने दिल्या. प्रवाह आत्याला घेऊन वळणापलीकडे गेला. आणि नेमकं तेव्हाच मंचावरून त्याच्या बँडचं नाव पुकारलं गेलं. लेझी रिव्हर एकाच दिशेने वाहते आणि कोणासाठी घाई करत नाही. नाव पुकारलं जात होतं, निवेदिका “बस दोनच मिनिटं” म्हणत होती, बँड जोडलेल्या तारा पुन्हा जोडत होता, आणि ड्रमवाला काठाकाठाने उड्या मारत धावत होता. फरशी तापलेलीच होती. आत्या सावकाश फिरून आली, चालू असलेलं कडवं पुरं केलं आणि मग काड्या परत दिल्या. त्याला “जेवलास का?” हेही विचारलं.

रात्री ठीक दहाला मंचावरचं गाणं बंद झालं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. मग सगळे तंबूंकडे वळले. दिवसभर तापलेल्या त्या पॉलिस्टरच्या कापडात मेहुणा शिरला आणि तसाच मागे फिरला. “भाऊजी, आत तंदूर लागून राहिलाय.”

शेजारच्या तंबूवाल्यांनी पिकअपमधून घरचा कूलर आणला होता, तुल्लू पंपासकट. तो कुठे लावायचा यावर मध्यरात्री सभा भरली. नागपूरकराला संगीतावर मत नसेल, कूलरवर असतंच. आत ठेवला तर दमट होईल, तोंड आत आणि पाठ बाहेर पाहिजे, मागची चेन उघडा, हवेला निघायला वाट द्या. तीन बँडांना जे जमलं नाही ते कूलरने केलं. सगळं मैदान एका ठिकाणी गोळा झालं, लोक मोठ्याने बोलले, आणि पंखा फिरल्यावर टाळ्यासुद्धा पडल्या. पण कूलर एक आणि तंबू चाळीसेक. शेवटी ज्याने-त्याने गाद्या बाहेर ओढल्या आणि गच्चीवर झोपतात तसे सगळे ओळीने उघड्यावर पडले. तंबूंत बॅगा झोपल्या.

झोपण्याआधी आत्याने डबा काढला आणि भुलाबाईच्या रीतीप्रमाणे कानाशी खुळखुळवून सावनेर-काटोलच्या बायकांना आत काय आहे ते ओळखायला लावलं. करंज्या, शेव, शंकरपाळे, सगळं सांगून झालं. निघाले भाजलेले फुटाणे आणि गूळ. औषध म्हणून आत नेलेलं ते शेवटी फाटकावरच्या त्या दोन पोरांनाही मिळालं, आत्याने हाक मारून दिलं.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. फक्त नायलॉनचे कपडे घरून न्या, रबरी चप्पल विसरू नका आणि तंबूचे पैसे वाचवून साधं दिवसाचं तिकीट काढा. थंडीत जाऊन तंबूची हौस भागवू म्हणाल, तर 29 डिसेंबर 2018 ला याच नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, हेही लक्षात असू द्या. आणि घरात आत्या असेल तर तिला आधी गाडीत बसवा. बँड मागून आले तरी चालतात.