सु. बा. पाटील यांचे पातेले

माझा जन्म जून १९७१चा. त्याच वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सुनील गावसकरने वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा काढल्या आणि भाईंदरच्या मिठागरावर कामाला असलेल्या माझ्या वडिलांनी, म्हणजे बाळकृष्ण पाटलांनी, पेपर वाचता वाचता पोटातल्या मुलाचं नाव परस्पर ठरवून टाकलं. त्यांना वाटलं, आपल्यालाच सुचलंय. पुढे शाळेत गेलो तर वर्गात चार सुनील आणि त्यांतले तीन पाटील. हजेरी घेताना मास्तर 'सुनील पाटील' एकदाच म्हणत. तिघांपैकी कोणीही एक आला असला तरी तिघांची हजेरी लागायची. नामसाधर्म्याचा फायदा म्हणून जो काही मला मिळाला, तो एवढाच.

आमच्या राई गावात नावाचा घोळ कधी झाला नाही, कारण नाव कोणी वापरतच नसे. राई, मुर्धा, मोर्वा या पट्ट्यात दगड भिरकावला तर तो पाटलाच्या अंगणात पडेल. तिथे 'सुनील पाटील कुठे राहतात?' असं विचारणारा माणूस एक तर पोस्टमन असतो, नाही तर वसुलीवाला. मला गाव 'मिठागरवाल्या बाळ्याचा' म्हणून ओळखे. दुसरा सुनील 'होडीवाल्यांचा', तिसरा नुसता 'लांब्या'. एवढ्यावर लग्नं जमत, भांडणं होत आणि उधारीही बिनचूक वसूल होई.

लग्नानंतर भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर फ्लॅट घेतला आणि मी पुन्हा सुनील पाटील झालो. सोसायटीत आधीच एक सुनील पाटील होते. ते सुनील भालचंद्र, मी सुनील बाळकृष्ण. त्यांची कुरिअर माझ्याकडे, माझी विजेची बिलं त्यांच्याकडे. खरा पेच पडला तो सत्यनारायणाच्या पूजेत. भाईंदर पूर्व म्हणजे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचं गाव, मी त्यातल्याच एका कारखान्यात हिशेबनीस. त्यामुळे घरात भांडी भरपूर आणि प्रत्येकावर नाव घातलेलं: 'सु. बा. पाटील'. त्यांच्या भांड्यांवर 'सु. भा. पाटील'. प्रसादाच्या पातेल्यांची अदलाबदल झाली. नाव घालणाऱ्याने बा आणि भा या दोन अक्षरांत ठेवलेला फरक भिंगातूनही दिसेना. ते पातेलं आजही त्यांच्याकडे आहे.

गेल्या वर्षी लेकीसाठी अलिबागचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. पंधरा दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"पाटीलसाहेब, तुमच्याबद्दल थोडी माहिती काढली हो. राग मानू नका."

"छे, छे. काढा की."

"तुम्ही डॉक्टर आहात, हे बोलला नाहीत!"

फोन स्पीकरवर होता. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच बायकोने माझ्याकडे आदराने पाहिलं.

"शिवाय वकिलीची सनद आहे, तुम्ही सीए आहात, दोन कंपन्यांवर डायरेक्टर आहात." इथे ते थोडे थांबले. "आणि ठाण्याला एक चेक न वटल्याचं प्रकरणही दिसतंय. कलम १३८." बायकोचा आदर जिथून आला होता तिथे परत गेला. "म्हणजे काय, एवढं सगळं करून तुम्ही वन-बीएचकेत राहता, हे आमच्या हिला पटेना."

चूक त्यांची नव्हती. त्या रात्री मी स्वतःच स्वतःला शोधायला बसलो. वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव टाकलं तर सुनील पाटलांची रांग लागली. पण ती नोंदवही शहाणी आहे. तिथे नोंदणी क्रमांक असतो, वर्ष असतं, वडिलांचं नावही असतं. महाराष्ट्र वैद्यक परिषद तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायला लावते आणि त्यासाठी डॉक्टरांना ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. आता डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही आलाय, पेशंटने भिंतीवर मोबाइल धरला की डॉक्टर खरा की खोटा ते कळतं. वकिलाच्या सनदेला क्रमांक आणि वर्ष, सीएला सदस्य क्रमांक, डायरेक्टरला आठ आकडी डिन. माणसाला पोट भरण्याचा परवाना देताना सरकार किंवा परिषद त्याच्या नावावर कधीच विसंबत नाही. नाव शोभेला, आकडा कामाला. कोर्टाच्या ई-सेवेत मात्र पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं आणि आमची सगळी बदनामी तिथे एका मांडवाखाली बसलेली असते.

खरं सांगतो, मला मत्सर वाटला. मी बारावीच्या रसायनशास्त्रात आपटलो, त्याच्या आगेमागे कुठला तरी सुनील पाटील मेडिकलला लागला असणार. त्याच्यावरही गावसकरचेच उपकार. अर्धा तास मी त्या सगळ्यांची आयुष्यं जगून आलो. मग वाटलं, माझी म्हणून काही सरकारी नोंद असेलच ना? मतदारयादीत आहे, १४५ मीरा-भाईंदर. आणि ड्रायव्हिंग लायसन्स आहे, ठाण्याचं, एमएच ०४. पण ते परिवहनच्या साइटवर पाहायचं तर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख दोन्ही लागतात, नुसत्या नावाने सापडत नाही. म्हणजे माझी एकमेव कारकीर्द सरकारने गुप्त ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी अलिबागला फोन करून खुलासा केला. भावी व्याही हसले, पण पूर्ण विरघळले नाहीत. "आम्ही रायगडकर हो," म्हणाले, "नावाने पोळलेले." ते म्हणत होते ते २०१४च्या लोकसभेबद्दल. तेव्हा राष्ट्रवादीचे सुनील तटकरे शिवसेनेच्या अनंत गीतेंकडून २,११० मतांनी हरले आणि त्याच मतपत्रिकेवरच्या सुनील श्याम तटकरे नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. आता ती सगळी मतं चुकून पडली असं कोण सांगणार? पण अलिबागच्या कट्ट्यावर याचा निकाल केव्हाच लागलाय. पुढच्याच वर्षी निवडणूक आयोगाने ठरवलं की १ मे २०१५पासून मतदानयंत्रावरच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटोही छापायचा. व्याह्यांनी आयोगाचाच मार्ग धरला. "तुमचा एक पासपोर्ट साइझ फोटो पाठवा. कारखान्याच्या गेटसमोरचा असला तर बरा." मी पाठवला. बायको म्हणाली, स्थळ मुलीचं चाललंय की तुमचं?

चेकचं प्रकरण कोणाचं, हे मी सहज म्हणून जिन्यात भालचंद्ररावांच्या सुनीलना विचारलं. ते एकदम म्हणाले, "ते तुमचं पातेलं कधी नेताय?" मी पुढे काही विचारलं नाही. शेजार आहे.

सरकारलाही हे सगळं उमगलं असावं. १ मे २०१४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आता आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लावायचं, असा निर्णय मार्च २०२४मध्ये झाला. निर्णय आईच्या मानाचा आहे, तो मला शंभर टक्के मान्य. आमच्या तारखेला तो लागू नाही, तरी मी कागदावर लिहून पाहिलं: सुनील लक्ष्मी बाळकृष्ण पाटील. भारदस्त वाटलं. शेजारी चौकशी केली, तर त्यांच्याही आईचं नाव लक्ष्मी.

लग्न ठरलं. लेकीला द्यायची भांडी कारखान्यातून सवलतीत मिळाली आणि ती घेऊन मी नाव घालणाऱ्याकडे गेलो. त्याने मशीन सुरू केलं, घर्र झालं.

"नाव बोला."

मी खिशातून लायसन्स काढून पुढे ठेवलं. "हा नंबर घाल."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा फोटोकडे पाहिलं. "पंधरा होतात. अक्षराला पैसे पडतील."

पडू देत म्हटलं. पातेल्यांच्या काठावर पंधराच्या पंधरा ठसठशीत बसली. चहाच्या भांड्याचं झाकण मात्र लहान, त्यावर फक्त चार मावली, एमएच ०४. एवढा नंबर सगळ्या ठाण्याचा. मीरा-भाईंदरला २०२५मध्ये एमएच ५८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला, पण माझं लायसन्स जुनं.

हळदीच्या गडबडीत ते झाकण कुठेतरी गेलं. कोणाच्या घरी नुसतं 'एमएच ०४' घातलेलं झाकण आलं असेल, तर कृपया नवघर रोडला आणून द्यावं. वॉचमनला सुनील पाटील म्हणून विचारू नका, तो भालचंद्ररावांकडे पाठवतो. मिठागरवाल्या बाळ्याचा, म्हणून विचारा.