नाव पालकाचं, राज्य चीजचं

अमेरिकेतल्या मराठी घरी पॉटलक ठरलं की व्हॉट्सॅपवर यादी फिरते. पहिल्या पाच मिनिटांत छोले, पुलाव आणि गुलाबजाम यांवर तत्पर मंडळी नावं टाकून बसतात. मीटिंगमधून उशिरा सुटलेल्यांच्या वाट्याला ‘स्टार्टर’ उरतं, आणि मग ते बिनदिक्कत लिहून मोकळे होतात : स्पिनच-आर्टिचोक डिप. सगळं सामान एकाच दुकानात मिळतं, फोडणी नाही, तळण नाही, स्मोक अलार्मची बोंब नाही. शिवाय नावात दोन-दोन भाज्या असल्यामुळे डाएटवाल्यांचाही आक्षेप नाही.

आक्षेप असायला हवा खरं तर. घरोघरी चालणारं प्रमाण साधारण असं : फ्रोजन पालकाचं एक पाकीट, आर्टिचोकचा एक डबा, सव्वादोनशे ग्रॅम क्रीम चीज, अर्धा कप सावर क्रीम, पाव कप मेयॉनीज, वाटीभर पार्मेझान, वर मोझरेला आणि दोन-तीन लसणीच्या पाकळ्या. पालक पिळून झाला की मूठभर उरतो. बाकीचा सगळा दुग्धव्यवसाय. इथे पालकाचं काम लग्नपत्रिकेतल्या ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’सारखं : मजकूर वेगळाच असतो, पण त्याच्याशिवाय सुरुवात शोभत नाही.

तरीही अमेरिकन स्पोर्ट्स बारमध्ये ऑफिसच्या लोकांबरोबर गेलेल्या शाकाहारी माणसाला विचारा. मेन्यूकार्डाच्या पहिल्या पानावर कोंबडीचे पंख, दुसऱ्यावर बर्गर. त्या गर्दीत बोट ठेवायला हक्काची जागा म्हणजे हे डिप. फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रात्री तर ते घरोघरी असतं. खेळ समजो न समजो, जाहिराती आणि डिप यांसाठी चार तास बसणारे पुष्कळ असतात.

यातला पालक सगळ्यांच्या ओळखीचा. आर्टिचोकचं कुळ मात्र चौकशी करण्यासारखं आहे. ही एका काटेरी झुडपाची न उमललेली कळी. उमलू दिली तर जांभळं फूल येतं आणि खाण्यासारखं काही उरत नाही. कळीच्याही बाहेरच्या पाकळ्या चिवट, टोकाला काटे. आत घशात अडकेल असा केसाळ गुंता. एवढं सगळं सोलून, खरवडून फेकलं की तळाशी एक मऊ गड्डा मिळतो. पहिल्यांदा ज्याने हे शोधलं, त्याच्या भुकेला आणि चिकाटीला नमस्कार.

अमेरिकेत विकायला पिकणारा जवळजवळ सगळा आर्टिचोक कॅलिफोर्नियातला. मॉंटरे परगण्यातलं कॅस्ट्रोव्हिल हे त्याचं माहेर. गाव स्वतःला जगाची आर्टिचोक राजधानी म्हणवतं आणि तिथे घराएवढा हिरवा आर्टिचोक उभा करून ठेवलाय. सॅन होजेकडची मराठी मंडळी मॉंटरेचा समुद्र बघायला जाताना त्यासमोर फोटो काढतात. 1948 साली इथे एका होतकरू नटीला आर्टिचोकची राणी केलं होतं. तिचं नाव मेरिलिन मन्रो. पुढे तिची जी कीर्ती झाली, तिच्यात आर्टिचोकचा वाटा किती, हे गावकऱ्यांना विचारावं.

राणीच्या आधी या भाजीला राजाही होता, आणि तो साधा नव्हता. न्यूयॉर्कच्या माफियातला सिरो टेरानोव्हा. कॅलिफोर्नियाहून येणारा माल धाकदपटशाने उचलायचा आणि मनाला येईल त्या भावाने विकायचा, हा त्याचा धंदा. ‘आर्टिचोक किंग’ हे नाव त्यातूनच पडलं. अखेर 1935 च्या डिसेंबरात महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया भल्या पहाटे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत ब्रॉंक्सच्या बाजारात गेले, बिगूलवाल्यांकडून बिगूल वाजवून घेतले आणि शहरात आर्टिचोकच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. बंदी काही दिवसांतच उठली, पण तेवढ्यात गुंडांची मक्तेदारी मोडली. कांद्याच्या भावावरून सरकारं हादरताना बघितलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. बिगुलाचं मात्र वाटेल.

आता कृती. डब्यातला आर्टिचोक निथळायचा आणि चिरायचा, एवढंच. खरी कसोटी पालकाची. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. तो गोठला की बर्फाचे कण पानातल्या पेशी फोडतात आणि वितळताना ते पाणी मोकळं सुटतं. ते नीट काढलं नाही, तर ओव्हनमध्ये डिपची आमटी होते. अमेरिकन पाककृतींत पेपर टॉवेलमध्ये दाबा असं लिहितात. तो फाटतो, आणि डिपमध्ये कागदाचे तुकडे शोधत बसावं लागतं. पण मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई घरात असतील तर प्रश्न मिटतो. त्या बॅगेतून श्रीखंडाच्या चक्क्यासाठी आणलेला पंचा काढतात, पालक त्यात बांधतात आणि असा पीळ देतात की पातेल्यात हिरवी धार लागते.

“आई, ते पाणी टाकून द्या हं,” सून सांगते.

“टाकू? पालकाचं पाणी? अगं, कणीक भिजवते ना मी त्यात!”

त्या रात्री पॉटलकला डिप जातं आणि घरी हिरव्या पोळ्या होतात. भाजीचं सत्त्व कुठे गेलं, हे ज्याने त्याने ठरवावं.

चीजचंही एक तंत्र आहे. मोझरेलाला तार येते, कारण तो बनताना आंबटपणामुळे दुधातल्या प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम थोडं सुटतं, आणि गरम झाल्यावर ती प्रथिनं तुटण्याऐवजी लांबत जातात. पार्मेझान मुरलेला; त्यातली प्रथिनं आधीच बारीक तुटलेली, त्यामुळे तो चव देतो, तार देत नाही. सगळ्यांना एकत्र धरून ठेवतं ते क्रीम चीज. पाकिटात किसून येणाऱ्या चीजवर गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी असते, म्हणून ठोकळा आणून घरी किसलेला बरा. कडक शाकाहारी घरात आणखी एक तपासणी : इटलीहून येणाऱ्या अस्सल पार्मिजानो रेजानोत दूध साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. तेव्हा चष्मा चढवून लेबल वाचावं आणि सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचा पार्मेझान घ्यावा. मेयॉनीजमधल्या अंड्याकडे मात्र बहुतेक घरं काणाडोळा करतात.

साडेतीनशे फॅरनहाइटला वीस-पंचवीस मिनिटं, कडेला बुडबुडे आणि वर तांबूस डाग. बाहेर काढून जरा निवलं की पुढची दहा-पंधरा मिनिटं मोलाची. त्याआधी तोंड भाजतं, त्यानंतर चीज घट्ट होऊन त्यात बुडवलेले चिप्स मोडायला लागतात.

आणि मग येतो उष्ट्याचा प्रश्न. एकच भांडं, वीस हात, आणि अर्धा खाल्लेला चिप पुन्हा बुडवणारा कोणीतरी एक. ‘साइनफेल्ड’ या मालिकेत 1993 साली जॉर्ज या पात्राने हाच प्रताप केला होता आणि त्यावरून हातघाई झाली होती. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठात प्राध्यापक पॉल डॉसन यांनी विद्यार्थ्यांकडून हे चक्क तपासून घेतलं. निष्कर्ष उष्टं-खरकटं पाळणाऱ्या आजीच्या बाजूने लागला : चावलेला बिस्किटाचा तुकडा पुन्हा बुडवला की तोंडातले जिवाणू भांड्यात उतरतात. पण सुरुवातीला पातळ साल्सात ते जास्त सापडले, घट्ट चीज डिपमध्ये कमी. घट्ट डिप तुकड्याला चिकटून खाणाऱ्याच्याच तोंडात परत जातं. तरी सोवळ्यातली माणसं शेजारी चमचा ठेवतात. तो शेवटपर्यंत कोरडा राहतो.

मूळ पाककृतीत नसलेली एक गोष्ट मराठी हातून हमखास पडते : हिरवी मिरची. अमेरिकन पाहुण्याला ‘माइल्ड आहे’ असं सांगितलं जातं, आणि ते अगदीच खोटं नसतं. दुधातलं केसीन मिरचीचा जाळ बराचसा पकडून ठेवतं. दोन मिरच्यांपर्यंत तो पाहुणा हसतमुख असतो. तिसरी घालावी की नाही यावर नवरा-बायकोत अजून एकमत झालेलं नाही.