कोळवणात समुद्र

मुळशीतल्या कोळवणात पुणेकरांचे वीकेंड बंगले झाले, पोहण्याचे तलाव झाले. राहता राहिला समुद्र. तोही दिवाणखान्यात आणायचा तर प्रवाळाची उथळ टाकी हवी आणि तिच्यावर दिवा. इथेच हौशी माणूस घसरतो. दुकानात तो आधी वॅट विचारतो. प्रवाळाला वॅटशी देणंघेणं नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल कुळासारखं राहतं, उजेडावर अन्न पिकवतं आणि बराचसा वाटा मालकाला देतं. या शैवालाला ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड विशेष मानवतो. पण टाकी जेमतेम फूटभर खोल, उजेड अडवायला पाणीच नाही. खोल टाकीसाठीचा जोरदार एलईडी इतक्या जवळून सोडला, की प्रवाळ कुळाला हाकलतं (तिथे कूळकायदा नाही) आणि पांढराफटक सांगाडा दिसू लागतो. तेव्हा मंद करता येणारा दिवा घ्या, उंच टांगा, उजेड हळूहळू वाढवा.

मग मुळशीचा पाऊस लागतो आणि वीज जाते. दिव्यावाचून प्रवाळ एखादा दिवस काढेल. पंप थांबला तर कठीण. म्हणजे इन्व्हर्टर आधी, दिवा नंतर.

शिवाय भित्ती उभारणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसतात. दिव्याच्या दुकानाआधी वकील गाठा. नाहीतर सरळ मालवणला जा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि दिव्याचं बिल येत नाही.