टेपसर

देगलूरात सोफा घ्यायला निघालेला माणूस सोबत तिघांना नेतो. एक भाव पाडणारा, दुसरा टेंपोवाल्याच्या ओळखीचा आणि तिसरे टेपसर. पहिल्या दोघांचं ऐकतात. टेपसरांचं ऐकून घेतात.

सरांचं खरं नाव शाळेच्या मस्टरवर होतं आणि निवृत्तीनंतर ते तिथेच राहिलं. गावात त्यांना टेपसर म्हणतात. चित्रकलेचे शिक्षक. लोक खिशाला पेन लावतात, सर स्टीलची टेप ठेवतात, त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट डाव्या बाजूला ओघळलेले. एकदा कुणीतरी त्यांना मोबाइलमधल्या मोजमापाच्या अ‍ॅपबद्दल सांगितलं. सरांनी ते अ‍ॅप उघडलं, टेबल मोजलं, मग टेपनं मोजलं आणि मोबाइल परत दिला. काही बोलले नाहीत. त्यांच्या मौनाला अर्ध्या इंचाचं कारण होतं.

दुकानात शिरल्यावर सर किंमत विचारत नाहीत, रंग बघत नाहीत. आधी खुर्ची उलटी करतात. "वरून सगळ्याच खुर्च्या सभ्य असतात," हे त्यांचं मत. खालून मात्र बारदान निघतं, वाकडे खिळे निघतात, आणि 'किनवटचा अस्सल सागवान' म्हणून सांगितलेल्या लाकडाच्या पोटात कुठल्यातरी पॅकिंगच्या पेटीची फळी निघते, तिच्यावर 'हे तोंड वर' असं छापलेलंही असतं. दुकानदारांनी आता सरांची धास्ती घेतली आहे. ते लांबूनच म्हणतात, "सर, कायकू उल्टा करते? बैठ के देखो ना!"

मग सर बसतात. त्यांचं बसणंसुद्धा तपासणीच असतं. दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन बोटं शिरली पाहिजेत. शेवटी उठायचं, हात कुठे जातात ते बघायचं. "खाली बसवायला काय, दगडही बसवतो. साठीच्या माणसाला वर उठवते ती खुर्ची," असं म्हणून ते टेप काढतात आणि समोरच्या मखमली सोफ्याची बैठक मोजतात. सव्वीस इंच खोल. "यात पाठ टेकवायची तर पाय वर घ्यावे लागतात. पाय खाली सोडायचे तर पाठ सुटते. दोन्ही पाहिजे असेल तर आपलं जुनं तखत काय वाईट होतं?"

गिऱ्हाईक मान डोलावतं, सरांना चहा पाजतं आणि तोच सोफा घेतं. कारण तो लेकीच्या लग्नात द्यायचा आहे.

इथेच सरांची खरी लढाई आहे. आमच्याकडे फर्निचर बसण्यासाठी घेत नाहीत, मांडण्यासाठी घेतात. आंदणाचा सोफा, दिवाण, आरशाचं कपाट, ड्रेसिंग टेबल, शोकेस, सगळं आधी मंडपात रांगेनं लागतं. पाचशे माणसं ते बघतात. त्यातलं एकही माणूस पुढे त्या सोफ्यावर बसणार नसतं, आणि जी मुलगी बसणार असते तिला कुणी विचारलेलं नसतं. मग ते सगळं सासरच्या दहा बाय बारा खोलीत जातं. कपाटाचं दार उघडलं की दिवाणाला लागतं. सोफ्यावरचा प्लॅस्टिकचा कागद पहिलं मूल चालायला लागेपर्यंत निघत नाही. सर हे सगळं आधीच कागदावर काढून दाखवतात: खोलीचा नकाशा, दार कुठल्या बाजूला उघडतं, माणूस कुठून जाईल. मुलीचा बाप नकाशा घडी घालून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "सर, खोली मापाची हाय, पण सोयरे मोठे हायत."

एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नात सरांनी नवरानवरीच्या सिंहासनालाच टेप लावली होती. सोनेरी रंग, हाताच्या जागी दोन सिंह, पाठीला मोराचा पिसारा. आहेर द्यायच्या रांगेतून वर गेले, पाकीट दिलं, आशीर्वाद दिला आणि वाकून बैठकीची उंची घेतली. फोटोग्राफरला वाटलं सर पाया पडतायत, तो ओरडला, "सर, उलटं व्हायलंय!" सर नवरीला म्हणाले, "बेटा, तुझे पाय लोंबकळायलेत. खाली पाट मागव, नाहीतर रात्री गुडघे धरतील." पाट आला. त्या लग्नातला तेवढाच सल्ला कुणी मानला.

मंडपवालाही सरांचाच विद्यार्थी. आठवीच्या तासाला सर त्यांना व्हिएन्नाच्या थोनेटची गोष्ट सांगायचे. १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची. लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलेलं. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सुट्या करून भरल्या तर एक मीटर लांब, रुंद, उंच पेटीत छत्तीस खुर्च्या. हे इंटरमिजिएटच्या परीक्षेला येत नाही, हे मुलं वेळोवेळी सरांच्या लक्षात आणून देत. पण मागच्या बाकावरच्या एकाला छत्तीसचा आकडा चिकटला. आज त्याच्याकडे हजारभर खुर्च्या आहेत, एकात एक बसणाऱ्या. तो सरांना मानतो, सिंहासन मात्र बदलत नाही. "सर, खुर्च्या तुमच्या हिशोबानं ठेवल्या. सिंहासन गिऱ्हाइकाच्या हिशोबानं ठेवू द्या."

कोरीव कामावरून वाद झाला की गावाकडे एक हुकमी पान असतं. "सर, तुम्ही नक्षीला नावं ठेवता, मग आपल्या होट्टलचं देऊळ? चालुक्यांनी उगंच कोरलं का?" सर शांतपणे म्हणतात, "तिथं देव बसलाय. त्याला पाठ टेकायची नसते."

आता कुणालाही वाटेल की अशा माणसाचं घर बघण्यासारखं असेल. बघण्यासारखं आहेच, कारण दिसण्याच्या आड काही येत नाही. जर्मनीचा डिटर राम्स हा सरांचा गुरू. ब्राऊन कंपनीचे रेडिओ आणि शेव्हर त्यानं घडवले, चांगल्या डिझाइनची दहा तत्त्वं सांगितली, आणि त्यातलं शेवटचं असं की डिझाइन होईल तितकं कमी असावं. सरांनी ते घरात एक पायरी पुढे नेलं. फर्निचरच कमी केलं. पाहुणे सतरंजीवर बसतात. सोफा 'बघणं चालू' आहे आणि थोरल्या मुलाच्या मुंजीपासून चालू आहे. एकाची बैठक खोल, दुसऱ्याचे हात उंच, तिसरा सगळ्या मापात बसला तर दारातून आत बसेना.

सरांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, हे सगळं कसं काढलं ते काकूच जाणोत. सरांनी त्यांना एकदा मोठ्या उत्साहानं सांगितलं की, चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं जगप्रसिद्ध जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून आलं, देशभर फिरलं, १९५८ साली अहवाल दिला, त्यात सगळ्यात जास्त कौतुक साध्या लोट्याचं केलं, आणि त्या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. काकू भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "तांब्या चांगला हाय हे सांगायला अमेरिकेतून माणूस आणावा लागला? मला इचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "आन् ती बाई बसली कशावर होती इथं?"

घरात एक खुर्ची आहे, पण तिच्यावर बसता येत नाही. त्याचं असं झालं. चंदीगडमधल्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिअर जानरेनं केलेल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या, शेवटी २०११ साली केंद्राला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली, हे सरांनी वाचलं. तेव्हापासून ते सरकारी कार्यालयांच्या मागच्या अंगणात डोकावू लागले. निर्लेखनाचा लिलाव निघाला की सर हजर. एका ठिकाणी गंजलेल्या रॅकखाली त्यांना निजामाच्या अमदानीतली वाटणारी एक लांब हाताची आरामखुर्ची दिसली. पण लिलाव सुट्या वस्तूचा नसतो, लॉटचा असतो. खुर्चीसोबत रॅक आला, मोडकी बाकं आली आणि एक सायक्लोस्टाइल मशीन आलं. खुर्चीला तीन पाय आहेत. चौथा करायला सुतार तयार आहेत, पण ते खरादावर फिरवून त्याला गोळे काढायचं म्हणतात. सर म्हणतात, बाकीच्या तिघांना गोळे नाहीत. त्यामुळे चौथा पाय विचाराधीन आहे. सायक्लोस्टाइल मशीनवर काकू लोणच्याच्या बरण्या ठेवतात.

शेवटी काकूंनी कंटाळून बाजारातून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणल्या आणि पदर खोचून भांडणाच्या तयारीनं उभ्या राहिल्या. सरांनी खुर्ची उलटी केली. हात फिरवला. बसले, उठले, पुन्हा बसले. म्हणाले, "निर्मळ आहे." मग काकूंना ऐकावं लागलं की ही खुर्ची एकाच साच्यातून एकसंध निघते, खिळा नाही, सांधा नाही, फ्रान्सच्या हेन्री मासोनेनं १९७२ साली अशी खुर्ची बाजारात आणली आणि एक खुर्ची काढायला त्याला दोन मिनिटंही लागत नसत, पाऊस लागला तरी फुगत नाही, कीर्तनाला आणि प्रचारसभेला तीच चालते, श्रीमंताच्या घरी गेली म्हणून सोनेरी होत नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "इतकी चांगली व्हती, तर इतके वर्षं कामून नाही आणली?" सरांना हे उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

१९४८ साली आम्ही निजामाच्या राज्यातून सुटलो, १९५६ साली हैदराबाद राज्यातूनही निघालो, आणि २०१८च्या ऑगस्टात हैदराबादला आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं तसं पुन्हा तिकडे तोंड करून बसलो. देगलूरहून हैदराबाद पुण्याच्या निम्म्या अंतरावर. गल्लीनं गाडी केली आणि सरांना पुढच्या सीटवर बसवलं. तिथे सर हरवले. इतरांनी चमचे, डबे, उशा घेतल्या, तिथल्याच हॉटेलात बिर्याणी खाल्ली. सर मांडलेल्या खोल्यांमध्ये एकामागून एक खुर्चीवर बसत होते. इथे खुर्ची उलटी केली तरी कुणी ओरडत नव्हतं, याचंच त्यांना भरून आलं. एका बैठकीच्या खोलीत ते इतका वेळ बसले की एका कुटुंबानं त्यांना "अंकल, हे किती उंचीचं?" असं विचारलं आणि सरांनी न बघता सांगितलं. येताना त्यांच्या हातात पिशवी नव्हती. खिशात तिथे फुकट मिळणाऱ्या कागदी टेपांची गुंडाळी होती.

पण त्या फेरीतून सर एक गोष्ट घेऊन आले. त्या कंपनीनं दुकान उघडण्याआधी भारतातली शेकडो घरं हिंडून पाहिली होती आणि इथल्या बायकांची उंची बघून स्वयंपाकघरातली काही कपाटं, ओटे खाली आणले होते. सर परतीच्या वाटेवर गप्प होते. देगलूर जवळ आलं तसं एकदम म्हणाले, "आयुष्यभर मी सोफे मोजले. सोफ्यावर माणूस बसतो किती? ओट्यापाशी बाई उभी राहते किती?"

दुसऱ्या दिवसापासून सर ओट्यांकडे वळले. आमच्याकडे ओटा मिस्त्री स्वतःच्या कमरेवरून ठरवतो. भाकरी थापणारी बाई त्या वेळी विटांचा हिशोब करत असते. सरांचा हिशोब साधा: बाई सरळ उभी राहिली, हात कोपरात वाकवला की कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा. शिवाय भाकरी ओट्यावर थापत नाहीत, काठवटीत थापतात. काठवटीची उंची मिस्त्रीनं धरलेलीच नसते. ती वर आली की खांदे वर येतात आणि संध्याकाळी मान धरते. त्यासाठी ओट्याचा एक तुकडा आणखी खाली घ्यायचा.

परक्या बाईला टेप लावायची सरांना सोय नव्हती. टेप काकूंकडे गेली. आणि जे सोफ्याच्या बाबतीत कधी घडलं नाही ते घडलं. लोकांनी ऐकलं. नवं घर बांधणारी प्रत्येक बाई दुपारी काकूंकडे येते, भिंतीला पाठ लावून उभी राहते, काकू कोपराचं माप घेतात, कागदी टेपेवर खूण करून ती फाडून देतात. मिस्त्री आता स्वतःच विचारतात, "ताई, काकूचा कागद आणलाव का?" सर बाजूला उभे राहून राम्सबद्दल सांगतात. त्यांचं ऐकून घेतात.

परवा एक घरमालक तणतणत आला. बायको चार फूट नऊ इंच, तिच्या मापानं ओटा एकतीस इंच केलेला, आणि ते घर त्यानं भाड्यानं दिलेलं. "सर, तुमच्या डिझाइननं भाडेकरू टिकंना! नवी आलेली बाई साडेपाच फूट हाय, म्हणती कंबर मोडली. आता काय ओटा फोडू?"

सरांनी विचार केला. खरोखर केला, टेप काढून पुन्हा ठेवली. मग काकूंकडे पाहिलं.

काकू म्हणाल्या, "ओटा कशाला फोडता? पाटी बदला. 'घर भाड्याने देणे आहे' याच्याखाली लिहा: बाई पाच फुटाच्या आतली पाहिजे."

"आन् गडी?" मालकानं विचारलं.

"गडी किती का उंच असंना," काकू म्हणाल्या, "त्याला सोफा द्या."